उरलेला सूर

दुकानात, मांसाच्या काउंटरपाशी नंबराची चिठ्ठी हातात धरून उभी असताना आर्लीन कुझ्माच्या लक्षात आलं की आपण गातोय. गातोय म्हणजे ओठ मिटून, नाकातल्या नाकात, पण चांगलं शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. वर छतातून फेरीबोटीचं ते जुनं गाणं झिरपत होतं. सकाळच्या वेळी गिऱ्हाइकं बहुतेक सत्तरीच्या पुढची, म्हणून दुकानवाले अशी गाणी लावून ठेवतात, हे तिला माहीत होतं आणि त्याचा तिला दर वेळी थोडा रागही यायचा. शेजारची जांभळ्या कोटातली बाई वळून म्हणाली, "काय हो, तुम्ही कुठलं गाणं म्हणताय? वर तर वेगळंच चाललंय." "हेच म्हणतेय की," आर्लीन म्हणाली. "हेच? छे हो, हे असं आहे," असं म्हणून त्या बाईने काउंटरच्या काचेवर बोटांनी ठेका धरत दोन ओळी चक्क गाऊन दाखवल्या, आणि बाईचा आवाज गोड होता. आर्लीनने वर कान दिला. गाणं तेच. बाईची चाल आणि वरची चाल एकच. आपली मात्र तिसरीकडेच कुठेतरी, एकाच सुरावर हटून बसलेली, मग उगाच वर उडी, मग अर्धी पायरी खाली. तिने मनातल्या मनात बाईसारखं म्हणून पाहिलं. दुसऱ्याच शब्दाला घसरून ती पुन्हा आपल्या जागी आली. शेहेचाळीस वर्षं रोज कानावर पडलेलं गाणं, आणि त्याची चाल आपल्याला येत नाही. काउंटरमागच्या माणसाने दोनदा तिचा नंबर पुकारला. तिने कील्बासा, म्हणजे पोलिश सॉसेज, मागितलं, दोन पौंड, मग तीन, कारण आज मंगळवार होता आणि दुपारी नवऱ्याचे गाण्यातले सोबती येणार होते.

गाडी नदीवरच्या पुलावर आली तरी तिची भीती ओसरेना. इतकं घाबरण्यासारखं काय झालं होतं? तिने स्वतःलाच दटावलं. नवऱ्याचं गाणं बायकोच्या तोंडात बसलं, एवढंच. पण नॉर्बचं गाणं म्हणजे गाणं नव्हतंच, हीच तर गोम होती. तो ज्या चौघांत गायचा त्यांच्या गाण्यात चाल असते ती लीडची, म्हणजे मुख्य गाणाऱ्या वॉल्टची. टेनर तिच्या वरून तरंगतो, बास खालून पाया घालतो, आणि या तिघांनी घेऊन झाल्यावर जो सूर उरेल तो बॅरिटोनच्या वाट्याला. आज याच्या वर, उद्या त्याच्या खाली, कधी मधल्या फटीत अंग चोरून. नॉर्ब कुझ्मा बॅरिटोन होता. सिंकपाशी भांडी विसळताना, दाढी करताना, अंगणातलं बर्फ ओढताना तो आपला तो उरलेला सूर एकट्याने घोकायचा, आणि घरात दुसरं कुणी गातच नसल्यामुळे आर्लीनच्या कानांना त्या गाण्यांची तेवढीच ओळख झाली. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या नवऱ्याला सूर नाही. गरीब माणूस, हौस दांडगी. फेरीच्या गाण्याच्या शेवटी तर तो नेमका एकाच ठिकाणी अडखळायचा. लांबलचक सूर धरायचा, धरून ठेवायचा, आणि मग कसाबसा खाली उतरायचा, जिना चढून आलेला माणूस खुर्चीत बसतो तसा. "संपला दम?" ती इस्त्री करता करता विचारायची. "संपला बाई," तो म्हणायचा आणि हसायचा. ही त्यांची रोजची थट्टा. बारशांतून, आजारपणांतून, कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यातूनसुद्धा ती चालू राहिली. संपला दम? संपला बाई. जानेवारीत दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना त्याने ओठ हलवले तेव्हाही तिला वाटलं, हा तेच म्हणतोय. तिने मात्र त्या दिवशी विचारलं नव्हतं.

पुलावरून उजवीकडे काचेच्या कारखान्याची रिकामी शेड दिसते. तिकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर वेळी बघते. तिथल्या उत्तरेच्या जिन्यात हे सगळं सुरू झालं. भट्टीवरचा गस हालास, तपासणीतला वॉल्ट ड्रेशर आणि पगारखात्यातला बारीक आवाजाचा ड्युएन फिच हे तिघं जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून गात, कारण तिथे आवाज भिंतीवरून परत यायचा. तिघंच. चौथा मिळत नव्हता. मिळाला की टिकत नव्हता, कारण ज्याला त्याला चाल हवी असायची. नॉर्ब पॅकिंगमधला, बुजरा, खालच्या पायरीवर एकटा डबा खायचा. एके दिवशी तिघांचं गाणं मध्येच भरल्यासारखं झालं. तिघं थांबले, एकमेकांकडे बघू लागले. गस कठड्यावरून वाकून ओरडला, "ए, खाली कोण आहे? तूच का रे?" नॉर्बला वाटलं, आता शिव्या बसणार. तो म्हणाला, "चुकलं. तिथे जागा रिकामी दिसली." हे वाक्य वॉल्टने पुढे शेकडो व्यासपीठांवर सांगितलं, आणि दर वेळी लोक हसले, आणि दर वेळी नॉर्ब कानापर्यंत लाल झाला. चौघांनी नाव घेतलं 'लंच पेल्स', जेवणाचे डबे. पहिली दोन वर्षं ते खरोखरच पत्र्याचे डबे हातात घेऊन उभे राहायचे. विटकरी रंगाची जाकिटं आर्लीनने शिवली. पुढे पोटं सुटत गेली तशी तिनेच ती उसवून मोठी केली. तालमी मंगळवारी, तिच्या घराच्या तळघरात, कारण तिथल्या पायऱ्या सिमेंटच्या होत्या आणि कारखान्यातल्या जिन्यासारख्या घुमायच्या.

तिने काय काय सोसलं ते सांगायला बसलं तर मंगळवार पुरायचे नाहीत. थोरली जोअ‍ॅन जन्मली तेव्हा नॉर्ब चारशे मैलांवर कुठल्याशा शाळेच्या सभागृहात उरलेला सूर लावत होता. दर मंगळवारी "एकदा, शेवटचं" म्हणून ते गाण्याचा तो शेवटचा तुकडा पुन्हा घ्यायचे. पुन्हा, आणि पुन्हा. टेबलावर डुकराचं मांस आणि कोबी थंड व्हायचा आणि ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "शेवटचं म्हणजे काय ते डिक्शनरीत बघा!" खालून चौघांचं हसू यायचं आणि लगेच वॉल्टच्या पिच पाइपची, सूर देणाऱ्या त्या चिमुकल्या पिपाणीची, छोटीशी फुंकर. पण राग राग करूनही तिने ती माणसं पाहिली होती. भट्टीवर आठ तास भाजून आलेला गस बोटाच्या पेराएवढ्या फरकासाठी वीस-वीस वेळा तोच शब्द घेताना तिने ऐकला होता. आई वारली त्याच आठवड्यात ड्युएन तालमीला आला. कुणी काही बोललं नाही, फक्त त्या दिवशी सगळी गाणी एक सूर खाली घेतली, त्याच्या घशाला झेपावीत म्हणून. चौघांमध्ये एकदाही मोठ्याने भांडण झालं नाही. तिच्या माहेरी चार भाऊ होते आणि चौघांचं एका ताटावरूनही जमत नसे. त्यामुळे यातलं मोठेपण तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हेवा मात्र वाटला. तोही तिने लपवला नाही, मंगळवारी कॉफी मुद्दाम पातळ करून वसूल केला.

आणि ती रात्र, एकेचाळीस वर्षांपूर्वीची. देशभरातून आलेल्या चौकड्या, आठ हजार माणसांचं सभागृह, आर्लीन तेविसाव्या रांगेत, पोटात धाकटा. दोन्ही बाजूंना बाकीच्या बायका. ग्रेटा ड्रेशर तिचा हात दाबून म्हणत होती, "ऐक ऐक, माझा वॉल्ट!" गसची बायको म्हणत होती, "हा आमचा." आणि खरंच गस ऐकू येत होता, खुर्चीच्या लाकडातून पायांना जाणवत होता. ड्युएन तर वर छताला टेकला होता. आर्लीन कानात प्राण आणून शोधत होती आणि तिला नॉर्ब कुठेच ऐकू येईना. रोज सिंकपाशी ऐकलेला आवाज, झोपेतही ओळखला असता असा, आणि तिथे तो नव्हताच. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती, पण आवाज त्या चौघांत कुठेतरी विरघळून गेला होता. शेवटचा सूर लागला न लागला तोच आठ हजार माणसं उभी राहिली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्या रात्रीच्या तबकडीवरही शेवटचा सूर ऐकू येत नाही, नुसत्या टाळ्याच येतात. ते पहिले आले. गळ्यात सोन्याची पदकं पडली. ग्रेटा रडत होती, सगळ्या रडत होत्या, आणि आर्लीनही रडली. पण तिच्या रडण्यात एक ठसठस होती, तिने ती आजवर कुणाला सांगितली नाही. आपल्या नवऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट घडली, आणि आपण समोर बसून ती ऐकली नाही.

अशा चौकड्यांच्या संस्थेचा नियम असा की एकदा पहिलं आलं की त्या चौघांनी पुन्हा स्पर्धेत उतरायचं नाही. मग राहतं ते नुसतं गाणं. त्यांचं तर फार राहिलं. फेरीच्या गाण्याचा शेवट, वॉल्ट एकच सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवतो आणि बाकीचे तिघं त्याच्याभोवती फिरून येतात तो तुकडा, देशभर पसरला. दर वर्षीच्या मेळाव्यात हॉटेलच्या व्हरांड्यात, लिफ्टपाशी, आइस मशीनशेजारी अनोळखी माणसं चार-चारच्या घोळक्यात तोच गाताना दिसायची. त्या घोळक्यांची एक रीत होती. बाहेरच्या कुणाला गायचं असेल तर त्याने मध्ये तोंड घालायचं नाही. ज्याचा सूर हवा त्याच्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकवायची, की तो मुकाट्याने बाजूला होतो आणि त्याच्या जागी आपण उभं राहायचं. आर्लीन पर्स मांडीवर घेऊन कोचावर बसायची आणि हे खांद्यावरचं टेकवणं बघायची. डॉक्टर प्लंबरच्या खांद्यावर टेकवायचा, नातू आजोबांच्या. तिच्या काळात बायकांच्या खांद्यांचा तिथे प्रश्नच नव्हता. बायकांचं वेगळं मंडळ होतं, पण ती तिथेही गेली नाही. शाळेत असताना सिस्टर बेनेडिक्टाने तिला गायनवर्गात शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसतं तोंड हलव बाळ." तिचा आवाज तेव्हापासूनच जाड, पुरुषी होता. ते वाक्य तिने आयुष्यभर पाळलं. चर्चमध्येही ती नुसतं तोंड हलवते.

नॉर्बच्या अंत्यविधीच्या वेळी तिघं शवपेटीपाशी उभे राहिले आणि फेरीचं गाणं तिघांनीच म्हटलं, चौथ्याची जागा तशीच रिकामी ठेवून. ही त्यांची रीतच आहे. आर्लीन पहिल्या बाकावर होती. रिकामी जागा इतकी स्पष्ट ऐकू येत होती की तिच्या घशात काहीतरी हललं, आणि तिने ते खोकल्यात घालवलं. नंतर एप्रिलमध्ये वॉल्टचा फोन. संस्थेच्या इथल्या शाखेला पंचाहत्तर वर्षं होतायत, शनिवारी समारंभ आहे, लोक फेरीचं गाणं मागतायत. "माझे किती श्वास उरलेत कुणास ठाऊक आर्लीन, पण एकदा गावं असं मनात आहे. शेवटचं." मग थोडं थांबून, चाचरत, "एक माणूस आहे. कोरी मॅब्री. चांगला बॅरिटोन आहे. पण तू हो म्हटलंस तरच. आणि, म्हणजे, नॉर्बचं जाकीट... ते पण तू म्हणशील तसं." ती म्हणाली, मंगळवारी या, बघू. बघू म्हणजे काय ते तिलाच माहीत नव्हतं. जाकीट कपाटात होतं. ती ते रोज बघत होती आणि हात लावत नव्हती. नॉर्बच्या जागी दुसरा माणूस त्या जाकिटात उभा राहिला आणि ऐकणाऱ्यांतल्या एकालाही फरक ऐकू आला नाही तर? मग नॉर्ब होता तरी कशाला? हा विचार तिला लाजिरवाणा वाटायचा आणि तो जायचा नाही.

दोन वाजता ते आले. वॉल्ट काठी टेकत, गस पिशवीतून बिअर आणि मोहरीची बाटली घेऊन, कारण आर्लीनच्या घरची मोहरी त्याच्या मते शेहेचाळीस वर्षं मिळमिळीत होती. ड्युएन आता इतका वाळला होता की दारातून आत आला तेव्हा कोटच आधी आला असं वाटलं. त्यांच्यामागे कोरी, पस्तिशीचा, काळासावळा, उंच, शहराच्या शाळेची बस चालवणारा. दुपारच्या दोन फेऱ्यांमधली सुट्टी काढून आला होता आणि पायपुसण्यावर तीनदा बूट घासत होता. "मिसेस कुझ्मा, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून तुमच्या यजमानांचा सूर गातोय," तो म्हणाला. "कागदावरून शिकलो. एकदा मेळाव्यात भेटलेही होते. मी विचारलं, बरोबर गातो का? ते म्हणाले, छान गातोस, गात राहा." आर्लीन म्हणाली, "तो सगळ्यांना तेच सांगायचा. माझ्या केकबद्दलही." कोरी हसला आणि जरा सैलावला. जेवता जेवता गसने त्याला विचारलं, हे वेड तुझ्या डोक्यात घातलं कुणी? "घरातच होतं," तो म्हणाला. "माझे पणजोबा न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीची वाट बघत हेच गायचे. तेव्हा तुमच्या संस्थेचं दार आम्हा काळ्या लोकांना बंद होतं." गस म्हणाला, "माहीत आहे मला. आम्ही शिरलो ते तुमच्याच घरात, आणि वर कडी लावून बसलो." कोरीने खांदे उडवले, मोहरी मागितली आणि म्हणाला, "ही मात्र खरंच मिळमिळीत आहे." गसने टेबलावर अशी थाप मारली की ड्युएनची कॉफी सांडली.

मग ते तळघरात उतरले आणि आर्लीन सवयीने वरच राहिली. इस्त्रीची फळी लावली. इस्त्रीला काहीच नव्हतं, म्हणून कपाटातून ते जाकीट काढलं आणि फळीवर पसरलं. काखेत तिच्याच हातचे तीन वेळा उसवून घातलेले टाके. खालून पिच पाइपची फुंकर आली. गाणं सुरू झालं. वॉल्टचा आवाज कातरलेला, पण चाल अजून सरळ. ड्युएन पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला सावरला. आणि कोरी खरंच चांगला होता, नितळ, नेमका. शेवटचा तुकडा आला, वॉल्टने सूर धरला, तिघं फिरून आले आणि चौघंही एकदम, वेळच्या वेळी, शेवटच्या सुरावर येऊन टेकले. "छान," वॉल्टचा आवाज. "छान," गसचा. आर्लीनचा इस्त्रीचा हात थांबला. शेहेचाळीस वर्षांत तिने त्या तळघरातून शंभर प्रकारचे शब्द ऐकले होते, पण हे असलं सभ्य 'छान' कधी ऐकलं नव्हतं. तिघांनी कोरीला पाहुण्यासारखं वागवलं होतं. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच, बरोबर, स्वच्छ, आणि सपाट. तिसऱ्यांदा. आता ड्युएन म्हणाला, "माझंच वय झालंय रे, पाचवा लागत नाही." पाचवा म्हणजे तो सूर जो चौघांपैकी कुणीच गात नाही. चौघांचे सूर केसाइतकेही इकडेतिकडे न होता जुळले तर तो आपोआप डोक्यावर उमटतो, असं ते म्हणत. आर्लीन ते नेहमी हसण्यावारी न्यायची.

ती जिना उतरू लागली तेव्हा हातात जाकीट तसंच होतं. चौघं वळले. "काय गं, आवाज जास्त होतोय का?" वॉल्टने विचारलं. "तो चुकतोय," ती म्हणाली. कोरीचा चेहरा पडला. गस हळूच म्हणाला, "नाही आर्लीन, कागदावर आहे तसंच गातोय तो." "कागदावर असेल. नॉर्ब तसं गात नव्हता. नॉर्ब तिथे उशिरा यायचा." तिघं म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. "उशिरा?" ड्युएन म्हणाला. "वॉल्ट, तुला आठवतं?" वॉल्टने मान हलवली. "मी माझा सूर धरून उभा असायचो. नॉर्ब काय करायचा ते मी कधी ऐकलंच नाही. बॅरिटोन ऐकू आला तर समजावं तो चुकला, असं आपण म्हणायचो ना." चाळीस वर्षं नॉर्बच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं, आणि त्यांनाही तो ऐकू आला नव्हता. हे कळल्यावर तिला वाईट वाटलं नाही, उलट एकदम हलकं वाटलं. तेविसाव्या रांगेत आपण एकटीच बहिरी नव्हतो तर. कोरी आता पुढे झाला होता, शाळकरी पोरासारखा उत्सुक. "कसं, मिसेस कुझ्मा? दाखवाल?" "मला गाता येत नाही. तिथे तो थांबायचा. थांबायचा आणि मग दम संपल्यासारखा..." तिने हाताने काहीतरी खाली उतरवून दाखवलं. कोरीने तसं करून पाहिलं. नाही. पुन्हा पाहिलं. फार लवकर. मग फार उशिरा, आणि तोवर वॉल्टचा श्वास संपला. तो काठीवर वाकून खोकू लागला आणि गसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शनिवार चार दिवसांवर होता. वॉल्टच्या ओठांचा रंग बघून शनिवारनंतर काही नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

सांगून येण्यासारखं ते नव्हतंच. आर्लीनने जाकीट जिन्याच्या कठड्यावर टाकलं. वॉल्ट सरळ झाला, त्याने पाइप फुंकला, चौघांनी शेवटचा तुकडा धरला. आणि ती कोरीच्या मागे गेली, आणि आपली दोन बोटं, कील्बासाचा वास असलेली, तिने त्याच्या उजव्या खांद्यावर टेकवली. टेकवताना तिच्या कानात सिस्टर बेनेडिक्टा काहीतरी म्हणत होती. कोरीने वळून पाहिलंही नाही. रीत ती रीत. एक पाऊल मागे येऊन त्याने जागा मोकळी केली. वॉल्टने सूर धरला होता, सोडायची सोय नव्हती. ती त्या जागेत उभी राहिली, डावीकडे गसची ऊब, उजवीकडे ड्युएनचा कोट, समोर वॉल्टचे मोठे झालेले डोळे, आणि तिने तोंड उघडलं. जाड, पुरुषी, सिंकपाशी शिकलेला आवाज निघाला. तो कुठे जायचं हे तिला विचारत नव्हता. तिघं फिरून आले आणि शेवटच्या सुरावर पोचले, आणि ती मागच्या सुरावरच उभी होती. एकटी, त्यांच्या विरुद्ध. सगळं कलंडल्यासारखं झालं. गसचा आवाज तिच्या बरगड्यांतून जात होता, वॉल्टचा कापत होता, आणि तिघंही थांबले होते, तिच्यासाठी. तिला कळलं की खोलीत आता दुसरं कुणी काहीच करू शकत नाही. मग ती उतरली. अर्धी पायरी. चौघांच्या डोक्यावर, सिमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी, कुणीच गात नव्हतं असा एक बारीक लखलखता सूर उमटला आणि खिडकीची काच झणाणली.

ड्युएन रडत होता आणि ते लपवण्याचे कष्ट घेत नव्हता. आर्लीन कठड्याला धरून पायरीवर बसली. दम संपत नव्हता नॉर्बचा. तो थांबायचा. तिघं पोचेपर्यंत, पोचून त्यांना आपण पोचलो असं वाटेपर्यंत थांबायचा, आणि मग येऊन त्यांचं ते पुरं करायचा. रोज, सिंकपाशी, तिघं हजर नसतानाही. आणि ती विचारायची, संपला दम? आणि तो, शहाणा माणूस, म्हणायचा, संपला बाई. एकदा तरी सांगायचं होतंस, तिला ओरडून म्हणावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं. हे समोर बसून कळण्यासारखं नव्हतं. पदराला नाक पुसावं तसं तिने एप्रनच्या टोकाला नाक पुसलं.

"शनिवारी तूच उभी राहा," गस म्हणाला. "मी तरी दुसऱ्या कुणाबरोबर गाणार नाही आता."

"वेडा आहेस का? या आठवड्यात केसांचं वगैरे काही झालेलं नाही माझं," आर्लीन म्हणाली. मग तिने कठड्यावरचं जाकीट उचललं आणि कोरीपुढे धरलं. "हात घाल. खांद्यात तंग होईल, शुक्रवारपर्यंत उसवून सैल करून देईन. ऐकलंस ना नीट?"

"ऐकलं, मिसेस कुझ्मा." तो जाकिटात हात घालताना काळजी घेत होता, जणू आत कुणी झोपलेलं आहे. "पण तुमच्या मागे उभं राहून अजून एकदा ऐकलं तर बरं होईल. नक्की कधी उतरता ते."

वर टेबलावर उरलेलं कील्बासा थंड होत होतं, पाव वाळत होता आणि कोरीची तीन वाजताची बस होती. वॉल्टने पाइप ओठांशी नेला आणि तिच्याकडे बघत थांबला. आर्लीन उठली, पुन्हा गस आणि ड्युएनच्या मधल्या त्या जागेत शिरली आणि एप्रन सारखा केला.

"एकदा," ती म्हणाली. "शेवटचं."